संवाद पुसट, संगीत दणदणीत: डीव्हीडीचा आवाज नेमका कुठे अडकतो?

तुमची तक्रार थोडक्यात अशी. जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडला, तेव्हापासून सिनेमातलं संगीत आणि मारामारी दणक्यात ऐकू येते, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. दोन डिस्क अशा आहेत की चित्र स्वच्छ येतं, आवाज मुळीच येत नाही. शिवाय अधूनमधून ओठ हलायच्या आधीच शब्द कानावर पडतात. प्लेअर गेला का, नवीन घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

प्लेअर गेलेला नाही, असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि तिन्ही बहुधा सेटिंगमधली आहेत. टीव्ही, प्लेअर, होम थिएटर जोडून देण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम मी वीसहून जास्त वर्षं करतोय. ‘आवाज बंद पडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या प्लेअरपैकी खरोखर बिघडलेले फार थोडे निघाले. बाकीच्यांत कुठे पिन चुकीच्या सॉकेटमध्ये होती, कुठे मेनूतली एक ओळ बदललेली होती, तर कुठे रिमोटचं एखादं बटण नकळत दाबलं गेलं होतं. चालू स्थितीतले प्लेअर लोक भंगारात टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर जरा लांबवतोय.

‘आवाज येत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. काय ऐकू येत नाही यापेक्षा काय ऐकू येतंय, हे आधी नीट पाहा. संवाद गेले पण संगीत राहिलं का? डिस्कच्या मेनूत आवाज आहे आणि सिनेमा सुरू झाला की जातो का? एकाच बाजूचा स्पीकर बंद आहे का? आवाज तुटतो तेव्हा चित्रही तुटतं का? जे उरलंय तेच दोषाची जागा दाखवतं.

आधी संवादांचं पाहू, कारण ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

डीव्हीडीवरच्या बहुतेक सिनेमांचा मुख्य ट्रॅक ५.१ असतो, म्हणजे सहा वेगवेगळ्या वाटांनी येणारा आवाज: पुढे डावा, पुढे उजवा, मधला सेंटर, मागचे दोन आणि ‘.१’ म्हणजे वूफरसाठीचा खर्जाचा. सिनेमावाले संवाद जवळजवळ सगळे सेंटरमध्ये टाकतात, म्हणजे बोलणं पडद्याच्या मधून आल्यासारखं वाटतं. डाव्या-उजव्या बाजूला संगीत आणि इतर आवाज असतात. तुमच्या टीव्हीला मात्र दोनच स्पीकर. तेव्हा सहा वाटांचा आवाज दोनमध्ये मिसळण्याचं काम कुणीतरी करायला हवं. त्याला डाउनमिक्स म्हणतात. नीट डाउनमिक्स झालं की सेंटरचा आवाज ३ डेसिबलने उतरवून डाव्यात आणि उजव्यात सारखा घातला जातो आणि संवाद ऐकू येतात.

आता प्लेअरच्या मागे पाहा. ज्या प्लेअरला ५.१ साठी सहा वेगळे ऑडिओ सॉकेट आहेत, त्याच्या मेनूत स्पीकर किती आहेत ते सांगावं लागतं. तिथे ‘५.१’ किंवा ‘मल्टिचॅनल’ निवडलेलं असेल आणि तुम्ही फक्त लाल-पांढऱ्या दोन पिना लावल्या असतील, तर प्लेअर सेंटरचा आवाज त्याच्या वेगळ्या सॉकेटमधून पाठवत राहतो. त्या सॉकेटला काहीच लावलेलं नाही, म्हणून संवाद तिथेच संपतात. संगीत मात्र पूर्ण जोरात येतं. बोलण्याचा जो थोडासा प्रतिध्वनी बाजूच्या वाटांमध्ये मिसळलेला असतो तेवढा ऐकू येतो. माणूस शेजारच्या खोलीतून किंवा विहिरीतून बोलतोय असं वाटत असेल तर हेच कारण धरून चला. जुना प्लेअर पूर्वी सहा स्पीकरच्या संचाला जोडलेला होता आणि आता एकट्या टीव्हीला लावला, की हमखास असं होतं.

उपाय सोपा आहे. सेटअप मेनूत ऑडिओ किंवा स्पीकर सेटिंगमध्ये जाऊन ‘डाउनमिक्स’ शोधा आणि त्यात ‘स्टिरिओ’ निवडा. काही प्लेअरमध्ये ‘एलटी/आरटी’ असाही पर्याय असतो. तोही दोन वाटांचाच, पण तो सराउंड उलगडून दाखवणाऱ्या ॲम्पसाठी, म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरना देणाऱ्या यंत्रासाठी आहे. साध्या टीव्हीला ‘स्टिरिओ’ बरा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळ प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना मेनूतली काही पानं उघडतच नाहीत, ती पुसट दिसतात. लोकांना वाटतं सेटिंग बंदच आहे. स्टॉपचं बटण दोनदा दाबा किंवा ट्रे बाहेर काढा, मग ती पानं उघडतात.

ज्यांच्याकडे होम थिएटर आहे आणि तरीही संवाद जात आहेत, त्यांनी सेंटर स्पीकरपाशी जाऊन कान लावावा. होम थिएटरमध्ये ‘टेस्ट टोन’ असतो. तो लावला की एकेका स्पीकरमधून आळीपाळीने ‘शॉऽऽ’ असा आवाज फिरतो. सेंटरची पाळी आली आणि शांतता झाली, तर वायर सुटली आहे किंवा तो स्पीकर मेनूत ‘ऑफ’ आहे. बहुतेक वेळा वायरच सुटलेली असते, कारण हा स्पीकर टीव्हीखाली असतो आणि साफसफाईत हलतो.

संवाद जाण्याचं आणखी एक कारण आहे. स्पीकरच्या वायरला लाल आणि काळी अशा दोन बाजू असतात. दोनपैकी एका स्पीकरला त्या उलट लागल्या तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते हवेत एकमेकांना खोडून काढतं. आणि दोन्ही बाजूंना सारखं काय असतं? संवाद आणि खर्ज. म्हणून आवाज पोकळ, पातळ आणि कुठून येतोय ते न कळणारा होतो. एका स्पीकरची वायर उलटून पाहा. खर्ज भरून आला तर तीच बरोबर जोडणी. हेडफोनची पिन अर्धवट बसली तरी असंच होतं. सामाईक तार टेकत नाही, दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो आणि बोलणं गायब होतं. पिन खट्‌कन आत जाईपर्यंत दाबा.

समजा, डाउनमिक्स बरोबर आहे, वायरी बरोबर आहेत, आणि तरीही संवादासाठी आवाज वाढवावा लागतो व स्फोट झाला की धावत जाऊन कमी करावा लागतो. मग हा बिघाड नाही, ध्वनिमुद्रणच तसं आहे. सिनेमाचा आवाज चित्रगृहासाठी बांधलेला असतो. कुजबूज आणि स्फोट यांच्यातलं अंतर तिथे शोभतं, घरात ते झेपत नाही. डॉल्बी ट्रॅकमध्ये, म्हणजे डीव्हीडीवर आवाज साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, यासाठी तरतूद केलेली आहे. कुठल्या क्षणी किती दाबायचं आणि किती उचलायचं याच्या सूचना आवाजाबरोबरच डिस्कवर नोंदलेल्या असतात. प्लेअरच्या मेनूत त्याला ‘डायनॅमिक रेंज’, ‘डीआरसी’, ‘नाइट मोड’ किंवा ‘मिडनाइट’ अशी नावं असतात. ते चालू करा. जिथे पट्टी सरकवायची सोय आहे तिथे अर्ध्यावर ठेवून बघा, मी बहुतेकांना तेवढंच ठेवायला सांगतो. जुन्या प्लेअरमध्ये ‘लाइन’ आणि ‘आरएफ’ असे दोन पर्याय दिसतात. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकायचं तर ‘आरएफ’ घ्या, त्यात एकूण पातळी ११ डेसिबल वर येते आणि चढउतार आवळले जातात.

हे सेटिंग करूनही फरक पडला नाही असं सांगणारे भेटतात. त्याचं कारण असं की प्लेअर आवाज उलगडून न देता जसाच्या तसा पुढे पाठवत असेल, तर दाबण्याचं कामही पुढच्या यंत्रानेच करायला हवं. मग नाइट मोड ॲम्पच्या मेनूत शोधायचा. तसंच, ट्रॅक डॉल्बीचा नसून साधा पीसीएम, म्हणजे उलगडावा न लागणारा तयार आवाज असेल तर त्यात या सूचनाच नसतात. टीव्हीतला ‘स्पीच’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ मोडही थोडी मदत करतो. पण टीव्हीचा खोटा ‘सराउंड’ मोड आधी बंद करा. तो आवाज पसरवतो आणि पसरताना मधला संवाद विरळ करतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे बोलण्यातली धार आधीच बोथट झालेली असते. त्यात सराउंडची भर नको.

आता त्या दोन मुक्या डिस्क.

डिस्क घालून मेनू येऊ द्या आणि ऐका. मेनूच्या पार्श्वभूमीला संगीत वाजतंय, पण सिनेमा सुरू झाला की शांतता, असं असेल तर निदान झालंच म्हणा. त्या सिनेमाला डीटीएस ट्रॅक (डॉल्बीसारखाच आवाज साठवण्याचा दुसरा प्रकार) निवडलेला आहे आणि तुमच्या साखळीतल्या कुणाला तरी डीटीएस उलगडता येत नाही. डीव्हीडी व्हिडिओच्या नियमांत डॉल्बी डिजिटल आणि पीसीएम हे पायाभूत प्रकार आहेत. डीटीएस ऐच्छिक आहे. म्हणून पुष्कळ प्लेअरमध्ये आणि टीव्हीमध्ये डीटीएस उलगडण्याची सोयच नसते. पण ऐच्छिक असल्यामुळेच, नियमाने बनवलेल्या डिस्कवर त्याच्या जोडीला दुसरा, सगळीकडे चालणारा ट्रॅक असतोच. रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण दाबत जा. एका डीव्हीडीवर ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक असू शकतात. पडद्याच्या कोपऱ्यात ‘डॉल्बी’ किंवा ‘पीसीएम’ दिसलं की थांबा. आवाज आला पाहिजे. हेच बटण भलत्या भाषेवर किंवा दिग्दर्शकाच्या समालोचनावर अडकलेला सिनेमाही सोडवतं. कुणीतरी ‘ती दार उघडते, बाहेर बघते’ असं मधूनमधून सांगत असेल, तर तो दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीचा वर्णनाचा ट्रॅक आहे. तोही इथूनच बदलतो.

यासोबत एक सेटिंग बघायलाच हवं. मेनूत ‘डिजिटल आउट’, ‘एचडीएमआय ऑडिओ’ किंवा ‘एसपीडीआयएफ’ अशी ओळ असते आणि तिच्यात ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ असे पर्याय असतात. बिटस्ट्रीमला काही मेनूंमध्ये ‘रॉ’ म्हणतात. बिटस्ट्रीम म्हणजे प्लेअर आवाजाची गाठोडी न सोडता पुढे पाठवतो, ती सोडण्याचं काम टीव्हीचं किंवा ॲम्पचं. पीसीएम म्हणजे प्लेअर स्वतः गाठोडी सोडून तयार आवाज देतो. नुसता टीव्ही असेल तर पीसीएम ठेवा. डॉल्बी आणि डीटीएस उलगडणारा ॲम्प असेल तरच बिटस्ट्रीम घ्या. नव्या टीव्हीला जुना प्लेअर एचडीएमआयने जोडल्यावर चित्र आहे आणि आवाज नाही, या तक्रारीत मी पहिलं काम हेच करतो. ‘ऑफ’ नावाचा तिसरा पर्यायही असतो आणि काही वेळा तोच निवडलेला सापडतो.

साधा आवाज येण्याऐवजी जोराची सतत खरखर आली, तर लगेच आवाज बंद करा. उलगडायची राहिलेली गाठोडी कुणीतरी तयार आवाज समजून वाजवतंय. डिजिटल कोॲक्सियलच्या नारिंगी सॉकेटमध्ये साधी ऑडिओ वायर घालून दुसरं टोक ॲम्पच्या लाल-पांढऱ्या सॉकेटला लावलं तरी असाच गोंगाट होतो. पिनचा आकार एकच असल्यामुळे ही चूक सहज होते, आणि हा गोंगाट मोठ्या आवाजात राहिला तर स्पीकरच्या बारीक ट्वीटरचं नुकसान होतं.

पिनांच्या रंगांबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘लाल’ दोन ठिकाणी असतो. पिवळी, पांढरी, लाल या तिघांत पिवळी चित्राची आणि उरलेल्या दोन आवाजाच्या. हिरवी, निळी, लाल या तिघी मात्र तिन्ही चित्राच्याच. मागच्या बाजूला हे सगळे सॉकेट शेजारी शेजारी असले की आवाजाची लाल पिन चित्राच्या लाल सॉकेटमध्ये जाते. उजवी बाजू बंद पडते आणि चित्राचा रंग बिघडतो. दोन लक्षणं एकत्र दिसली की कारण एकच समजा. चित्राची पिवळी पिन आवाजाच्या सॉकेटमध्ये गेली तर भुणभुण ऐकू येते.

नव्या टीव्हीत तर हे सॉकेटच उरलेले नसतात. एक बारीक गोल भोक असतं आणि त्यात बसणारी, पुढे तीन रंगांची तोंडं असलेली छोटी जोडवायर मिळते. या वायरच्या पिनेवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीवर चित्र, कुठल्या कडीवर आवाज, हा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. दुसऱ्या यंत्राची दिसायला हुबेहूब तशीच वायर लावली तर चित्राच्या जागी आवाज आणि आवाजाच्या जागी भुणभुण येते. टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरा. नाहीच मिळाली तर तिन्ही रंग अदलाबदल करून पाहा, कधी कधी जुळतं. मात्र सामाईक तारेची कडीच वेगळी असेल तर अदलाबदलीने काही होणार नाही.

एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर याच पिना तुमच्या मदतीला येतात, कारण लाल आणि पांढरी आतून अगदी सारख्या असतात, रंग फक्त माणसासाठी आहे. समजा, डावी बाजू बंद आहे. टीव्हीच्या किंवा ॲम्पच्या टोकाला लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. आता उजवी बाजू बंद पडली तर दोष मागे, म्हणजे वायरमध्ये किंवा प्लेअरमध्ये आहे. डावीच बंद राहिली तर ॲम्प किंवा स्पीकर बघा. दोष मागे आहे असं कळलं की पिना पूर्ववत करा आणि तीच अदलाबदल प्लेअरच्या टोकाला करा. बंद बाजू बदलली तर प्लेअर दोषी, बदलली नाही तर वायर. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला कुठलंही मीटर लागत नाही.

ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने आवाज नेणारी वायर असेल तर तिच्या टोकांवरची पारदर्शक टोपणं काढली आहेत का ते पाहा. टोपणासकट पिन घुसवलेली मी अनेकदा पाहिली आहे. एक टोक प्लेअरला लावून प्लेअर चालू करा आणि दुसरं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका पडला तर प्लेअरचं ते आउटपुट चालू आहे. ही वायर फार घट्ट वळवू नका, आतला धागा मोडला की तिची दुरुस्ती होत नाही.

आवाज अधूनमधून तुटत असेल तर चित्राकडे नजर ठेवा. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या जागी नसतात. त्यांचे तुकडे एकमेकांत गुंफून एकाच पट्ट्यात लिहिलेले असतात. त्यामुळे ओरखडा किंवा बोटाचा डाग सहसा दोघांनाही भोवतो. चौकोन उमटतात, चित्र थबकतं, आवाज तुटतो. चित्र लख्ख असताना एकटा आवाज तुटत असेल, तर डिस्क पुसत बसू नका. वायर बदलून पाहा, बिटस्ट्रीमऐवजी पीसीएम करून पाहा.

दोन्ही तुटत असतील तर डिस्क मऊ, स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल फिरवताना पडलेला ओरखडा पट्ट्याच्या दिशेने जातो, सलग माहिती झाकतो आणि प्लेअरची चूक सुधारण्याची ताकद अपुरी पडते. आडवा ओरखडा त्या मानाने निभावतो. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेवरच्या डागांचा त्रास शेवटी व्हायला हवा असं वाटतं. पण ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कवर सिनेमा बहुधा पहिल्या थरावर आतून बाहेर आणि दुसऱ्या थरावर बाहेरून आत लिहिलेला असतो. तिथे कडेचा डाग बरोबर सिनेमाच्या मध्यावर त्रास देतो. तसंच, अशा डिस्कवर सिनेमाच्या मध्याच्या आसपास एकदाच क्षणभर चित्र आणि आवाज दोन्ही थबकले, तर तो एका थरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण आहे. जुने प्लेअर तिथे जरा जास्त अडखळतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

घरी बर्न केलेल्या डिस्कचं वेगळं असतं. डीव्हीडी व्हिडिओचा डॉल्बी आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणि पीसीएम ४८ किंवा ९६ वर असावा लागतो. ऑडिओ सीडीचा ४४.१ तिथे चालत नाही. आणि डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर नुसत्या व्हिडिओ फाइल ठेवल्या असतील तर प्लेअर चित्र ओळखतो पण आवाजाचा एएसी किंवा डीटीएस प्रकार त्याला येत नाही. मग चित्र मुकं राहतं. फाइलमधला आवाज एमपी३ किंवा डॉल्बीमध्ये बदलून ती फाइल पुन्हा लिहिली की काम होतं. व्हीसीडी लावत असाल तर आणखी एक जागा तपासा. व्हीसीडीत रिमोटचं ऑडिओ बटण ‘डावा, उजवा, स्टिरिओ’ असं फिरतं. कराओकेच्या व्हीसीडीत एका बाजूला गायकासह गाणं आणि दुसऱ्या बाजूला नुसता वाद्यमेळ असतो. गायकच नाहीसा झाला असेल तर बटण चुकीच्या बाजूला अडकलंय.

सतत घुमणारा ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा असतो. डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची किंवा अँटेनाची वायर काढून बघा. घुमणं थांबलं तर अर्थिंग दोन वेगळ्या वाटांनी येतंय. त्या वायरवर आयसोलेटर (अर्थिंगची ती वाट तोडणारा जोड) बसवा आणि सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून घुमणं घालवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. यंत्राच्या आत कधी वीज उतरली तर तीच पिन माणसाला वाचवते. ऑडिओ वायरची पिन हातात धरून हलवल्यावर घुमणं कमी-जास्त होत असेल तर वायरचं कवच तुटलंय, ती बदला.

आता तिसरी तक्रार, ओठ आणि शब्द यांचं न जुळणं. तुमच्याकडे शब्द आधी आणि ओठ नंतर आहेत, म्हणजे चित्राला उशीर होतोय. आजचे टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्याच्यावर पुष्कळ काम करतात. रेषा जोडतात, मोठं करतात, हालचाल गुळगुळीत करतात. तेवढ्यात आवाज पुढे निघून जातो. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला जाणवतो. मागे राहिला तर मात्र सव्वाशेपर्यंत सहसा चालून जातं. रोजच्या जगातही चित्र आधी आणि आवाज नंतर येतो, दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद उशिराने. त्याची आपल्याला सवय आहे, उलट क्रमाची नाही.

प्लेअरमधून आवाज थेट ॲम्पला आणि चित्र टीव्हीला, अशी जोडणी असेल तर आवाजही टीव्हीतून फिरवून घ्या. टीव्ही चित्राला जेवढा उशीर लावतो तेवढाच आवाजालाही लावतो. ते जमत नसेल तर टीव्हीत ‘गेम मोड’ लावा किंवा हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. त्यानेही उरलंच, तर ॲम्पमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असतं. एखाद्या माणसाचा जवळून घेतलेला, स्पष्ट ‘प’ आणि ‘ब’ असलेला संवाद लावून ते १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवत जा. या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात, म्हणून जुळणी लगेच कळते.

उलट झालं, म्हणजे आवाज मागे राहत असेल, तर ब्लूटूथवर संशय घ्या. ब्लूटूथ स्पीकरला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात आणि डिले वाढवून तो उशीर कमी होत नाही. वायरने जोडा. सुरुवातीला जुळलेलं आणि तासाभरात बरंच घसरलेलं असेल तर ती डिस्क बनवतानाची चूक आहे. पॉज करून पुन्हा प्ले केल्यावर किंवा एक चॅप्टर मागे-पुढे केल्यावर जुळलं, तर मात्र प्लेअर अडखळतोय.

कुणाकुणाला परिचित सिनेमातले आवाज किंचित उंच आणि बारीक वाटतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळवला जातो. सुमारे ४ टक्के वेग वाढतो आणि स्वर अर्ध्या स्वराहून थोडा कमी इतका वर जातो. ज्यांचा कान तयार आहे त्यांना हे खटकतं, पण यंत्रात दोष शोधू नये.

संगणकावर डीव्हीडी लावत असाल तर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही, हे माहीत असू द्या. व्हीएलसी हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि डॉल्बी, डीटीएस दोन्ही उलगडतो. त्यात ‘बी’ दाबलं की ऑडिओ ट्रॅक बदलतो, ‘जे’ आणि ‘के’ ने आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे सरकतो. संगणक एचडीएमआयने टीव्हीला जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून टीव्ही निवडा.

एचडीएमआयबद्दल एक-दोन गोष्टी राहिल्या. मध्ये डीव्हीआयचं, म्हणजे चित्रासाठीच्या जुन्या जोडणीचं कन्व्हर्टर असेल तर आवाज बहुधा येणार नाही, वेगळी ऑडिओ वायर लावावी लागेल. साउंडबार टीव्हीला एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच साउंडबारकडे पाठवणाऱ्या सोयीने जोडला असेल तर वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच हवी आणि टीव्हीच्या मेनूत सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू हवं. काल चालत होतं आणि आज अचानक बंद, असं असेल तर सगळ्यांचे प्लग पाच मिनिटं भिंतीवरून काढून ठेवा, मग आधी टीव्ही आणि नंतर प्लेअर चालू करा. दोघांची एकमेकांशी ओळख नव्याने होते.

हे सगळं करून एकाही डिस्कला, एकाही सॉकेटमधून आवाज आला नाही आणि तीच वायर दुसऱ्या यंत्राला लावून चालली, तरच प्लेअर उघडायची वेळ आली. तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला ‘आवाज नाही’ एवढंच न सांगता कोणत्या सॉकेटमधून येतो, कोणत्या नाही, आणि डिजिटलमधून येतो का, हे सांगा. डिजिटलमधून येत असेल आणि लाल-पांढऱ्यातून नसेल, तर दोष शेवटच्या ॲनालॉग भागात किंवा तिथल्या म्यूट करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे आणि ती दुरुस्ती छोटी असते. तोवर तोच प्लेअर डिजिटल वायरने ॲम्पला जोडून वापरता येतो.